साडेतीनशेचा वर्णपटदर्शक, आमच्या शाळेत

टपालानं मागवलेला पुठ्ठ्याचा वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, पोचला तेव्हा त्याची प्रकाश आत घेणारी फट वाकडी होती. दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे चिकटवून सरळ केली, मग काय विचारता! चुलीत चिमूटभर मीठ टाकलं की 589 नॅनोमीटरची पिवळी रेघ लख्ख. पोरं ओरडली, "सर, क्लोरीन!" नाही बाप्पा, ती सोडियमची.

क्लोरीन, फ्लोरिन ही हॅलोजन गटातली मूलद्रव्यं; त्यांचे रेणू ओळखायला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश लागतो. हायड्रोजन फ्लोराइडची 121.7 मायक्रोमीटरची रेघ तर हवेतली वाफ खाली येऊच देत नाही. म्हणून 1997 साली ती धनु राशीतल्या सॅजिटेरियस बी2 या वायूच्या मेघात टिपली ती आयएसओ या अवकाश दुर्बिणीनं, शोषणाची खाच म्हणून, म्हणजे मागून येणारा तेवढाच प्रकाश गिळल्यानं पडलेली काळी रेघ म्हणून. फ्लोरिनचा अणू हायड्रोजनच्या रेणूशी आपणहून भिडतो, त्यामुळे दाट मेघात तो बहुतेक याच रूपात असतो. आमच्या यवतमाळात विहिरीच्या ज्या फ्लोराइडनं पोरांचे दात पिवळे पडतात, त्यातलंच हे मूलद्रव्य! हे ऐकून आठवीतली एक मुलगी अंधार पडेपर्यंत अंगणात थांबली, धनु कुठं दिसते ते विचारत.

सोबतची पुस्तिका फक्त इंग्रजीत, हे खटकलं. तरी खेड्यातल्या शाळांनी घ्याच. फक्त सूर्याकडे रोखू देऊ नका.