१५ रुपयांचा सातबारा: एका निवृत्त महसूल कारकुनाचा अभिप्राय

पुतण्याला सोसायटीचं पीककर्ज काढायचं होतं, म्हणून महाभूमी पोर्टलवरून डिजिटल सहीचा सातबारा काढून दिला. मोबाइलवर ओटीपी, खात्यात पैसे जमा, मग जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. १५ रुपये वजा झाले आणि उतारा हातात. पाचपैकी चार तारे, आणि मनापासून.

माझी उमेदीची वर्षं नगर जिल्ह्याच्या महसूल खात्यात गेली. १९८०च्या दशकात तिथं अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते, तेव्हा मी नवखा कारकून. त्यांनी टेबलांची मांडणी बदलली आणि दप्तर लावायला लावलं: प्रलंबित प्रकरणं वेगळी, ज्यांवर कुणाच्या उत्तराची वाट बघायची ती वेगळी, रेकॉर्ड रूमला धाडायची वेगळी, नष्ट करायची वेगळी. पुढं याला सगळे ‘लखिना पॅटर्न’ म्हणू लागले. फाइल शोधण्यातला वेळ वाचला की तीच माणसं किती जास्त प्रकरणं निकाली काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आजही नव्या कारकुनाला मी आधी गठ्ठे लावायला सांगेन.

पण टेबल कितीही चोख असलं तरी नकलेसाठी शेतकऱ्याला यावंच लागे. तलाठ्याकडं चार-पाच गावं, तो आज कुठल्या चावडीवर ते ठाऊक नाही, आणि सहीशिवाय कागदाला किंमत नाही. १ मे २०१८ला डिजिटल सहीचा सातबारा आला आणि तो हेलपाटाच उरला नाही. आम्ही कारकुनाचं काम वेगानं व्हावं म्हणून झटलो. इथं ते कामच करावं लागत नाही. माझ्या लेखी ही त्याहून मोठी सुधारणा.

एक तारा कापला तो फेरफारासाठी, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलासाठी. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क पोर्टलवर घरबसल्या होतो, नोटीस ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसते. हरकतीसाठी १५ दिवस ठेवतात, ते ठेवायलाच हवेत. जमिनीचा मामला आहे. त्यानंतर मात्र बिनहरकत नोंद का थांबली, कुणाच्या टेबलावर थांबली, हे कारणासह अर्जदाराला कळलं पाहिजे.

महाभूलेख या संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीपुरता असतो, कर्जाला १५ रुपयांचाच काढा. कुणी वर शिक्का मागितलाच, तर सही-शिक्क्याची गरज नसल्याचं उताऱ्यावरच छापलंय, ती ओळ दाखवा.