कंपनीचे नाव चांगले होते, गाडी पुरातली निघाली

जुनी मोटार घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न कंपनीचा असतो, आणि तो गैरवाजवी नाही. मात्र याच प्रश्नाचा आडोसा घेऊन मला एक बुडालेली गाडी विकण्यात आली. गाडीच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष बनवणाऱ्यांचा नव्हता. तो विकणाऱ्याचा होता, आणि त्याचे प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे असल्याने त्याचेही नाव टाळतो.

पक्षाघातानंतर माझ्या आईला चाकाची खुर्ची लागते आणि जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला तपासणीसाठी नेहमी जावे लागते. त्यामुळे खुर्ची न सोडवता आत सरकवता येईल अशी लांब डिकी ही आमची मुख्य गरज होती. अशा कामाला एस्टेट, म्हणजे सेडानचेच (मागे वेगळी डिकी असलेल्या गाडीचे) छत मागपर्यंत नेलेली गाडी सर्वांत सोयीची, कारण तिची डिकी लांब असते आणि सामान ठेवायची पातळी खाली असते. भारतात मात्र हा प्रकार रुजला नाही. मारुतीची बलेनो अल्टुरा, टाटांची इंडिगो मरीना, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी अशा गाड्या आल्या आणि गेल्या. ऑक्टाव्हियाबद्दल आमच्या भागात विशेष आपुलकी आहे, कारण स्कोडाचा कारखाना शेंद्र्याला आहे. पण आज कॉम्बी घ्यायची तर तिच्या मागच्या भागाचे पत्रे, काचा आणि दिवे शोधत फिरावे लागेल. म्हणून मागची रांग दुमडता येणारी सात आसनी डिझेल गाडी घ्यायचे ठरले.

कंपन्यांच्या नावलौकिकाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण फसवणुकीचा पाया तोच होता. इनोव्हा लाखो किलोमीटर चालते, मारुतीचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, युरोपीय गाडी मजबूत पण खर्चिक, ही मते अनुभवातून तयार झालेली आहेत आणि त्यांत तथ्य आहे. तरीही ती सरसकट लावता येत नाहीत. फियाटने घडवलेले १२४८ सीसीचे डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्ट व एर्टिगामध्ये होते, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये होते आणि फियाटच्या स्वतःच्या पुंतो व लिनियामध्येही होते; तरी बाजारात या गाड्यांची पत अगदी वेगवेगळी राहिली. म्हणजे आपण ज्याला गाडीचा भरवसा म्हणतो, त्यात यंत्राइतकाच वाटा सेवा केंद्रांच्या जाळ्याचा आणि सुट्या भागांच्या किमतीचा असतो. दुसरी गोष्ट अशी की, ज्या कंपनीचे नाव चांगले तिच्या जुन्या गाडीला भाव जास्त मिळतो. त्यामुळे मीटर मागे फिरवण्यात आणि खराब गाडी चकचकीत करण्यात सर्वाधिक नफाही तिच्याच बाबतीत असतो.

संभाजीनगरच्या त्या विक्रेत्याने आम्हाला जी गाडी दाखवली ती २०१७ सालची, एमएच-०८ म्हणजे रत्नागिरीची होती. मीटरवर ५८ हजार किलोमीटर. रंग अखंड, आसनांवर नवी कव्हरे, आत अत्तराचा घमघमाट. बँकेतल्या अधिकाऱ्याची गाडी आहे, बदली झाली म्हणून काढली, असे सांगण्यात आले. मी जे जे विचारले त्याचे उत्तर एकच येत होते: "साहेब, या कंपनीच्या गाडीला बघायचं काय असतंय? डोळे झाकून घ्या." सव्वासहा लाखांत व्यवहार झाला आणि मुद्रांकावरच्या करारात "जशी आहे तशा स्थितीत" हे शब्द त्यांनी न विसरता घातले.

पहिले काही महिने गाडी उत्तम चालली. पुरातल्या गाडीचे हेच घातक लक्षण आहे: पाणी इंजिनातून काढता येते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा तांब्याला आतल्या आत खात राहतो आणि त्याचा परिणाम उशिरा दिसतो. आधी काचा मध्येच बंद पडू लागल्या, मग ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतला बिघाड दाखवणारा दिवा लागला, आणि एका संध्याकाळी बदनापूरजवळ, आई मागे बसलेली असताना, चालती गाडी अचानक बंद पडून सगळे दिवे गेले.

आमच्या ओळखीच्या उस्तादांनी समोरची आसने काढून गालिचा उचलला. आसनांचे बोल्ट गंजलेले होते. त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला, तर एरवी गुंडाळीत राहणाऱ्या टोकाच्या भागावर पाण्याची आडवी रेघ आणि गुंडाळीच्या खाचेत वाळलेला गाळ होता. तो त्यांनी चिमटीत घेऊन चुरला. लालसर, मऊ माती. "सर, ही आपल्याकडली माती नाही," एवढेच ते म्हणाले. काळ्या जमिनीच्या जालन्यात चाललेल्या गाडीत असा गाळ साठत नाही. तो कोकणातला होता. एअरबॅगच्या जोडणीवर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला होता आणि त्या एअरबॅगचा इशारा देणारा दिवाच कोणीतरी कायमचा तोडून ठेवला होता. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत अक्षम्य भाग आहे, कारण अपघात झाला असता तर एअरबॅग उघडलीच नसती आणि ते विकणाऱ्याला ठाऊक होते.

पुढे चॅसी क्रमांकावरून कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेतील नोंदी काढल्या. जून २०२१ मध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी मीटर ७१ हजारांवर होते. त्यानंतरची नोंद ऑगस्टची: पाण्याने झालेल्या नुकसानीचा अंदाजखर्च, दुरुस्ती नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती, हे सर्वांना आठवत असेल. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, ठरवून मालकाला भरपाई देते आणि गाडी भंगार म्हणून लिलावात निघते. कायमची निकामी झालेली गाडी मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. ते कळवले गेले नाही की कागदोपत्री गाडी धडधाकट राहते आणि धुऊन पुसून, जिथे तिचा इतिहास कोणाला माहीत नाही अशा जिल्ह्यात विकली जाते.

त्यामुळे चांगल्या नावाची गाडी पाहत असाल, तर पैसे देण्यापूर्वी अधिकृत कार्यशाळेतला इतिहास मालकाच्या संमतीने काढून घ्या आणि विम्याच्या जुन्या पॉलिसीही मागा. मधल्या एखाद्या वर्षी नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एकदम शून्यावर आलेला दिसला, तर त्या वर्षी काय झाले याचे लेखी उत्तर घ्या. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर गाडी तिथेच सोडा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र बंधनकारक आहे, ते पाहायला मागा. आमच्या विक्रेत्याकडे ते नव्हते, हे आम्हाला नोटिशीनंतर कळले. करारात गाडी पुरात बुडालेली नाही, टोटल लॉस ठरलेली नाही आणि मीटर मूळ आहे, ही तीन वाक्ये लिहून घ्या.

माझ्यासारखे कोणी आधीच अडकले असतील तर त्यांनी गाडी लगेच दुरुस्त करून घेऊ नये. आधी गाळाचे, गंजाचे आणि जोडण्यांचे छायाचित्रण करून मेकॅनिकचा सहीचा लेखी अहवाल घ्यावा. "जशी आहे तशी" या शब्दांनी लपवलेला दोष माफ होत नाही, अशी भूमिका आम्ही आमच्या तक्रारीत मांडली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आमचा व्यवहार त्याहून मोठा असल्याने २०० रुपये भरावे लागले. विक्रेत्याला नोटीस बजावली गेली आहे आणि गाडी पुरावा म्हणून उस्तादांच्या गॅरेजमध्ये आसने काढलेल्या स्थितीत उभी आहे.