घरपोच ‘फुल बॉडी चेकअप’ : रिपोर्टमधला हिरवा रंग

आई-बाबांसाठी सलग तिसऱ्या वर्षी आम्ही एका मोठ्या लॅबचे घरपोच तपासणीचे पॅकेज घेतले. लॅबचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे लिहिलेली उणीव तिच्या एकटीची आहे असे मला वाटत नाही. सेवेत खोट काढायला जागा नव्हती. रक्त घ्यायला येणारा मुलगा सकाळी साडेसहाला दारात हजर होता, आईची एरवी सहज न सापडणारी शीर त्याला पहिल्याच प्रयत्नात सापडली आणि दिवेलागणीच्या आत रिपोर्ट मोबाइलवर आला.

आईच्या टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडच्या चाचणीचा, 5.1 हा आकडा लाल रंगात होता, तर बाबांचा सगळा रिपोर्ट हिरवागार. साहजिकच आम्ही आईची काळजी करत नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. या वयात टीएसएच थोडा वर सरकतो, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, असे म्हणून त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “बाबांचे जुने रिपोर्ट आणलेत का?” प्लॅस्टिकच्या फाइलमधून ते निघाले. दोन्ही वर्षी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारा आकडा, 0.8 होते आणि यंदा 1.2. लॅबची मर्यादा 0.7 ते 1.3 असल्यामुळे तिन्ही आकडे हिरवेच. डॉक्टरांनी गुडघेदुखीसाठी बाबा परस्पर घेत असलेल्या गोळ्या बंद करायला लावल्या आणि दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घेतली, तेव्हा आकडा 0.9 वर आला होता.

रिपोर्टमधला ‘रेफरन्स’चा रकाना बहुतेक चाचण्यांसाठी निरोगी मानलेल्या लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांचा पट्टा दाखवतो, म्हणजे निरोगी असूनही शंभरातले पाच जण व्याख्येनेच त्याबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाच्या वाट्याला निदान एक लाल आकडा येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते, आणि आमच्या पॅकेजमध्ये ऐंशीच्या आसपास चाचण्या आहेत. उलट बाजू मला अधिक गंभीर वाटते. एकाच माणसाचे क्रिएटिनिन वर्षानुवर्षे बऱ्याच अरुंद पट्ट्यात फिरते, त्यामुळे स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा ते दीडपट झाले तरी गर्दीच्या रुंद पट्ट्यात बिनबोभाट सामावून जाते.

उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या बीएमआयच्या पानाचीही तीच गत आहे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले यांनी हे सूत्र मांडले ते लोकसमूहाचे वर्णन करण्यासाठी. त्याला आजचे नाव मिळाले 1972 मध्ये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1. आमच्या रिपोर्टमध्ये मात्र 25 पर्यंत सरसकट हसरा चेहरा छापलेला आहे, जरी भारतीयांसाठी 23 पासूनच वजन जास्त धरले जाते. अर्थात 23 हीदेखील समूहाचीच रेषा, याज्ञिकांना तीही पकडू शकली नसती.

सरासरी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. ज्याच्याकडे मागचा एकही कागद नाही, त्याच्यासाठी गर्दी हेच माप. पण आमची तीन वर्षांची नोंद याच लॅबकडे असताना दोन जुने आकडे शेजारी छापायला कितीशी जागा लागली असती? तशी विनंती मी ग्राहक सेवेला लेखी केली, त्यावर पुढच्या पॅकेजसाठी 20 टक्के सवलतीचे कुपन आले. ते वापरणार आहे, कारण लॅब आणि चाचणीची पद्धत बदलली की आकड्यांची तुलनाच डळमळते. आकडे मात्र आता फाइलच्या पहिल्या पानावर, वर्षवार, मीच हाताने लिहून ठेवले आहेत.