गोडाऊनमध्ये साधा पॅलेट रॅक की रॅकवर पोटमाळा? परवानगीच्या बाजूने बघितलं तर

परवा मामेभावाचा फोन आला, ताई रॅकवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय, परवानगीचं काय ते एका वाक्यात सांग. एका वाक्यात येत नाही म्हणून सगळं लिहूनच काढतेय, कारण त्याच्यासारखे अजून बरेच जण याच पेचात असणार. त्याचा माल म्हणजे प्लास्टिकचे डबे, बादल्या आणि थोडी स्टीलची भांडी. त्याच्यासमोर दोन जागा आहेत. एक साकीनाक्याचा तळमजल्यावरचा गाळा, वीस फूट उंच, तिथे त्याला रॅकच्या खांबांवरच चेकर्ड प्लेट, म्हणजे खडबडीत लोखंडी पत्रा, टाकून वर पोटमाळा करायचाय, म्हणजे वर माणसं फिरून ऑनलाईन ऑर्डरी काढतील आणि भाडं वाचेल. दुसरी भिवंडीजवळ मानकोलीची शेड, तीस फूट उंच, तिथे साधे सरळ पॅलेट रॅक, खाली जमिनीवर एक पॅलेट (माल रचायची फळ्यांची चौकट) आणि वर तीन लेव्हल, फोर्कलिफ्टने माल चढवायचा.

मी गेली चौदा वर्षं गोडाऊन उभारायचं आणि चालवायचं काम करते. दोन्ही प्रकार लावलेत, आणि एकदा लावलेला उतरवलाय पण.

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवते. मुंबईत "रॅकचं परमिट" नावाचा वेगळा कागद मिळत नाही. आमच्या एका क्लायंटच्या अमेरिकेतल्या हेड ऑफिसने चेकलिस्ट पाठवली होती, त्यात रकानाच होता, रॅक परमिट नंबर लिहा. तिकडे तसं असतं, तिथल्या बिल्डिंग कोडमध्ये न बांधलेला, हलवता येणारा रॅक ५ फूट ९ इंचापर्यंत असेल तर परमिटमधून सूट आहे, त्याच्यावर गेलात की अर्ज, आणि माल १२ फुटांच्या वर रचणार असाल तर फायर कोडची वेगळी कलमं लागतात. आपल्याकडे तोच प्रश्न तीन ठिकाणी तुकड्या-तुकड्याने विचारला जातो: इमारतीच्या पास झालेल्या प्लॅनमध्ये काही बदल होतोय का, आगीची व्यवस्था मालाला पुरेशी आहे का, आणि जागेचा वापर गोडाऊन म्हणून मंजूर आहे का. तीन उत्तरं जुळली की तुमचं काम झालं, एक जरी अडलं की तिथेच घोडं अडतं.

आता साधा पॅलेट रॅक घ्या. खाली बेस प्लेट, चार अँकर बोल्ट, उभे अपराइट, आडवे बीम, वर फक्त माल, माणूस कुठेच चढत नाही. व्यवहारात हा सामान म्हणूनच धरला जातो, मजला म्हणून नाही, त्यामुळे एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या मर्यादेचा) प्रश्न येत नाही आणि प्लॅन बदलायची फाईल सहसा लागत नाही. पण म्हणून कागद लागत नाही असं समजू नका. रॅकचा लेआउट, लेव्हलप्रमाणे लोड चार्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट हे मी प्रत्येक वेळी करून घेते, कारण फायरची तपासणी असो, इन्शुरन्सचा सर्व्हेअर असो की क्लायंटचं ऑडिट, पहिला हात याच फाईलला लागतो.

आणि इंजिनिअरला रॅकच्या आधी जमीन दाखवा, हे मी हात जोडून सांगते. साधा हिशोब करू. एका बेमध्ये, म्हणजे दोन उभ्या फ्रेममधल्या खणात, प्रत्येक लेव्हलला दोन पॅलेट, प्रत्येकी एक टन, वर तीन लेव्हल, म्हणजे बीमांवर सहा टन. मधल्या फ्रेमवर डावीकडचा अर्धा आणि उजवीकडचा अर्धा असे मिळून पुन्हा सहा टन येतात आणि ती फ्रेम दोन पायांवर उभी, म्हणजे एका पायाखाली तीन टन, तेही हाताच्या पंजाएवढ्या प्लेटवर. पाठीला पाठ लावून दोन रांगा असतील तर वीतभर अंतरावर दुसरे तीन टन. खाली भराव नीट दाबलेला नसेल आणि वर चार इंचाचं काँक्रीट असेल तर पाय हळूहळू बसतो. मी बघितलंय, प्लेटच्या चारी बाजूंनी केसाएवढी भेग गोल फिरलेली होती आणि रॅकला ओळंबा लावला तर वरचं टोक बाहेर गेलेलं, खालून नुसतं बघून कुणाला काहीच कळलं नसतं.

वरच्या मजल्यावरचा गाळा असेल तर अजून जपून. आयएस ८७५, म्हणजे इमारतीवर किती वजन धरायचं याचं भारतीय मानक, त्याच्या दुसऱ्या भागाप्रमाणे हलक्या कामाच्या कारखान्याचा मजला चौरस मीटरला ५ किलोन्यूटन धरून डिझाईन करतात, म्हणजे साधारण पाचशे किलो. गोडाऊनसाठी मात्र मालाच्या उंचीच्या प्रत्येक मीटरला किमान २.४ आणि एकूण किमान ७.५ धरावे लागतात. सहा मीटर माल रचला तर १४.४ झाले, दीड टनाच्या आसपास. अंधेरी-कुर्ल्यातले कितीतरी गाळे हलक्या इंडस्ट्रीसाठी बांधलेले आहेत, तिथे दुसऱ्या मजल्यावर उंच रॅक लावायचा म्हणजे खालच्या गाळ्यातल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. त्यात इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३५३ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं, तो रिपोर्ट सोसायटीकडून आधी मागून घ्या, नाही म्हणाले तर ती जागाच सोडा.

आता पोटमाळा. इथे सगळं गणित बदलतं, कारण ज्या क्षणी वर माणूस चालतो त्या क्षणी तो रॅक राहत नाही, तो मजला होतो. रॅकवाले सांगतात की हे नट-बोल्टचं आहे, उद्या खोलता येतं, त्यामुळे हे फर्निचर. नट-बोल्ट आहेत का वेल्डिंग आहे याने काही फरक पडत नाही. एमआरटीपी ॲक्टमध्ये (राज्याचा नगररचना कायदा) डेव्हलपमेंटची व्याख्या इतकी रुंद आहे की इमारतीतला महत्त्वाचा बदल आणि वापरातला बदल दोन्ही त्यात येतात. डीसीपीआर २०३४ मध्ये, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीत, मेझनिन (मजल्याच्या मध्ये टाकलेला अर्धा मजला) आणि लॉफ्ट वेगळे आहेत, लॉफ्ट म्हणजे फक्त सामान ठेवायची जागा आणि तिची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर, माणूस ताठ उभा राहून पिकिंग करतो ती जागा लॉफ्ट म्हणून दाखवता येत नाही. मग मेझनिन, आणि मेझनिन एफएसआयमध्ये मोजायचा. गाळ्याच्या प्लॉटवर एफएसआय शिल्लक आहे का? जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बहुतेक वेळा तो कधीच संपलेला असतो, आणि असला तरी तो एकट्या गाळेधारकाचा नसतो, सोसायटीची एनओसी लागते.

शिल्लक असेल तर रस्ता असा: लायसन्स सर्व्हेअर किंवा आर्किटेक्टमार्फत बिल्डिंग प्रपोजल विभागात सुधारित प्लॅन, महापालिका अधिनियमाच्या ३३७ किंवा ३४२ ची नोटीस (बांधकाम किंवा बदल करणार असल्याची सूचना), आयओडी (अटींसह मंजुरी), मग सीसी (काम सुरू करायचा दाखला), काम, आणि शेवटी ओसी (जागा वापरायचा दाखला). अर्ज मालकाच्या सहीने जातो. भाडेकरू म्हणून तुम्ही कितीही धावपळ केलीत तरी मालक सही करत नसेल तर फाईल हलत नाही, हे लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच लिहून घ्या.

माझ्या आधीच्या नोकरीत हेच झालं. गाळ्यात दोन टियरचा रॅक, वर चेकर्ड प्लेट, एक लोखंडी जिना. रॅकवाल्याने ठामपणे सांगितलं परवानगी लागत नाही, आणि आम्ही ऐकलं, माझी पण सही होती त्या पर्चेस ऑर्डरवर. निम्मी प्लेट टाकून झाली आणि ३५४अ ची काम थांबवायची नोटीस आली. फाईल करायला गेलो तर एफएसआय नव्हताच, म्हणजे नियमित करून घ्यायची वाटही बंद. सगळं डेक उतरवलं. त्या प्लेटा गाळ्याच्या मागे पत्र्याला टेकवून ठेवल्या होत्या, पावसाळा संपेपर्यंत त्यांच्यावरून लाल पाणी ओघळून भिंतीवर डाग पडले होते, रोज येता-जाता दिसायचं. आधी कळस मग पाया केला त्याची किंमत कंपनीने दिलीच, पण ज्या सहा मुलांना वरच्या पिकिंगसाठी घेतलं होतं त्यांना "आता काम नाही" म्हणून सांगावं लागलं, ते मला आजही लागतं.

आगीचा भाग दोन्हीकडे आहे, पण सारखा नाही. महाराष्ट्र फायर प्रिव्हेन्शन अँड लाइफ सेफ्टी मेझर्स ॲक्ट २००६ खाली जबाबदारी मालकाची आणि वापरणाऱ्याची, दोघांची. आगीची सिस्टिम लायसन्स्ड एजन्सीकडून बसवून फॉर्म ए (बसवल्याचा दाखला) आणि नंतर दर जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी (ती चालू स्थितीत असल्याचा दाखला). साध्या रॅकला मुख्य प्रश्न उंचीचा आणि मालाचा असतो. मामेभावाचा माल प्लास्टिकचा, तो खोक्यातल्या भांड्यांपेक्षा कितीतरी भडकून पेटतो, त्यामुळे छतावरच्या स्प्रिंकलरचं पाणी पुरेल का, की रॅकच्या आत पण स्प्रिंकलर लागतील, हे फायर कन्सल्टंटला मालाची यादी देऊनच विचारा, नुसतं "घरगुती सामान" लिहू नका. एनएफपीए १३ (स्प्रिंकलरचं अमेरिकन मानक) प्रमाणे साध्या स्प्रिंकलरखाली १८ इंच मोकळे हवेत, ईएसएफआर (उंच गोडाऊनसाठीचा जोरदार पाण्याचा स्प्रिंकलर) असेल तर ३६. एका तपासणीत अधिकाऱ्यांनी रॅककडे बघितलंच नाही, शिडी मागवली, सगळ्यात वरच्या खोक्यावर टेप ठेवली आणि स्प्रिंकलरपर्यंत मोजलं, आठ इंच. त्या दिवसापासून मी वरच्या बीमच्या वर अपराइटवर लाल पट्टा मारून घेते, माल याच्या वर नाही.

पोटमाळ्याला हे सगळं तर आहेच, वर अजून डेकच्या खाली वेगळे स्प्रिंकलर, कारण चार फुटांपेक्षा रुंद आडोसा आला की छतावरचं पाणी खाली पोचत नाही. जाळीची प्लेट टाकली तरी वर खोके ठेवले की तीच गत. आणि वर माणसं आहेत म्हटल्यावर बाहेर पडायचे जिने, अंतर, इमर्जन्सी लाइट. एकाच लोखंडी जिन्यावर दहा मुलं वर ठेवायची आणि खाली प्लास्टिक, हे मला कुठल्याही कागदावर पटणार नाही.

जागेचं म्हणाल तर साकीनाका महापालिकेच्या हद्दीत, डीसीपीआर २०३४ आणि मुंबई फायर ब्रिगेड. मानकोलीकडे चित्र वेगळं. भिवंडीभोवतीच्या ६० गावांसाठी २००७ पासून एमएमआरडीए ही नियोजन प्राधिकरण आहे आणि तिथे यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकाम नियमावली, लागते. तिथला धोका रॅकचा नाही, शेडचाच आहे. ग्रामपंचायतीचा दाखला, घरपट्टीची पावती, वीजबिल हे सगळं फोल्डरमध्ये सुंदर लावून दाखवतात, पण यातलं काहीही बांधकाम परवानगी नाही. एनए (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद), एमएमआरडीएचा पास प्लॅन आणि ओसी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, कारण शेडच बेकायदा असेल तर तुमचा रॅक कितीही चोख असला तरी कारवाई शेडवर येणार आणि माल तुमचा अडकणार. तळोजा किंवा टीटीसीत (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा) एमआयडीसीचा प्लॉट मिळाला तर तिथे प्लॅन आणि फायर दोन्ही एमआयडीसीकडेच, त्यामुळे हेलपाटे कमी होतात, फक्त प्लॉटच्या करारात गोडाऊनचा वापर चालतो का ते बघा. आणि भिवंडीत खाडीकडची जागा असेल तर पावसात पाणी कुठपर्यंत येतं ते शेजारच्या हमालांना विचारा, गरज पडली तर जमिनीवर पॅलेट न ठेवता पहिला बीम खालीच बसवा, फक्त मग पायावरचं वजन पुन्हा मोजा, वरच्या हिशोबात तीन टनाचे चार होतात.

काही जण विचारतात की रॅकवरच छप्पर आणि भिंती घेतल्या तर? ती मग पूर्ण इमारतच, पायापासून परवानगी, छोट्या माणसाने त्यात पडू नये.

फाईल कुणी करायची, यावर माझं मत पक्कं आहे. साध्या रॅकला रॅक कंपनीचं ड्रॉइंग चालतं, पण तपासायला इंजिनिअर स्वतःच्या पैशाने नेमलेला हवा, विकणाऱ्याने आणलेला नको. कंपनी पॅलेट रॅकचं युरोपीय मानक ईएन १५५१२ दाखवत असेल तर चांगलंच आहे, फक्त भूकंपाचा हिशोब आयएस १८९३ या भारतीय मानकाप्रमाणे वेगळा मागा, २०१६ च्या आवृत्तीत मुंबई झोन ३ मध्ये आहे आणि भरलेला उंच रॅक वरून जड असतो. पोटमाळ्याला मात्र लायसन्स सर्व्हेअर किंवा आर्किटेक्टशिवाय पाऊलच टाकू नका.

मामेभावाला मी मानकोली सांगितलं, साधा रॅक, पण अट घालून: शेडची ओसी हातात आल्यावर. साकीनाकाच हवा असेल तर पास प्लॅनमध्ये मेझनिन आधीपासून दाखवलेला गाळा शोध, तसे मिळतात, भाडं जास्त असतं पण ते भाडं खरं असतं. तो म्हणाला, मग ॲडव्हान्स? मी म्हटलं, रॅकवाल्याला फक्त लेआउट आणि लोड चार्टचे पैसे दे, बाकी थांब. काल त्याने मालकाकडून आलेल्या ओसीचा फोटो पाठवला, त्यावर सर्व्हे नंबर दुसऱ्याच शेडचा आहे. उद्या आम्ही दोघं सकाळी तिकडे जातोय, मूळ प्लॅन बघायला.