बायकोची पेन्शन : काढून घ्यायची की पुढे न्यायची?

हा प्रश्न आमच्या घरी 2023 साली आला. हिची नागपूरजवळच्या बुटीबोरीतली आठ वर्षांची नोकरी सुटली होती. बेसिक 12,000, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन खात्यातले 98,640 रुपये एकरकमी हातात येणार होते. पेन्शनला लागणारी दहा वर्षं भरली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "काहून अडकवून ठेवता? जावयाची पेन्शन हायेच ना!"

जावयाची पेन्शन मांडून पाहिली. 28 वर्षं नोकरी, वर हिशेबात धरतात ती दोन वर्षं बोनसची, पेन्शनसाठी धरायच्या पगाराच्या 15,000च्या मर्यादेवर महिन्याला 6,429 रुपये. माझ्यामागे हिला त्यातले निम्मे, 3,214. उन्हाळ्यात कूलरचं बिल भरलं की उरतं काय?

तरी काढायचंच ठरलं. फॉर्म भरला आणि परत आला. पीएफवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मग नावदुरुस्तीच्या अर्जावर जुन्या कंपनीची सही हवी. मे महिन्यात तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही वेळा "सहीवाले साहेब आज नाहीत." लग्न दोघांचं झालं, माझ्या नावाची वेलांटीसुद्धा हलली नाही!

त्या खोळंब्यात हिला नागपुरातच मिहानमध्ये नोकरी लागली, बेसिक 32,000. आणि तेव्हा कळलं, की 15,000च्या वर बेसिक असलेल्याला पेन्शन योजनेत नव्याने घेत नाहीत. जुना सभासद मात्र चालू राहतो. पैसे काढले असते तर पगार वाढला म्हणूनच ही बाहेर राहिली असती. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पुढे नेण्यातही खोट आहेच. पगार अडीचपटीच्या वर गेला तरी पेन्शनचा हिशेब 15,000वरच, वर महागाईभत्ता नाही, आणि पूर्ण पेन्शनसाठी 58पर्यंत थांबायचं. डोक्यावर कर्ज असेल तर काढणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पण एक गोष्ट आपल्याकडे बरी आहे. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेत, बायकोची स्वतःची पेन्शन नवऱ्याच्या निम्म्याहून मोठी झाली, की नवऱ्याच्या हयातीत मिळणारा तो निम्मा वाटा मिळत नाही. इथे बायको कमावते म्हणून नवऱ्यामागची पेन्शन कापत नाहीत.

नाव अखेर सप्टेंबरात दुरुस्त झालं आणि जुनी आठ वर्षं नव्या खात्याला जोडली गेली. वाढलेल्या पगारातून ही थोडे जास्तीचे पैसे स्वेच्छेने पीएफमध्येच टाकते. पेन्शन सुरू झाल्यावर ही माझ्याआधी गेली, तर हिची निम्मी मला मिळेल. हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.