दत्तकपत्राची सही-शिक्क्याची नक्कल: कोर्टात किती कामाची?

वारसाहक्काच्या दाव्यात मूळ दत्तकपत्र हरवलेलं असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळणारी प्रमाणित नक्कल हा मोठा आधार आहे. फक्त ती नीट मागितली आणि नीट दाखल केली पाहिजे.

निबंधक कार्यालय दस्त वेगवेगळ्या नोंदवह्यांत (‘पुस्तकां’त) उतरवून ठेवतं. दत्तकपत्र खरेदीखतासारखं पुस्तक 1 मध्ये नसतं, पुस्तक 4 मध्ये असतं. म्हणून नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 57 प्रमाणे ही नक्कल दस्तातले पक्षकार, त्याखाली हक्क सांगणारे आणि त्यांचे मुखत्यार किंवा प्रतिनिधी यांनाच मिळते. त्रयस्थ भाऊबंदाने कोर्टाकडून समन्स काढून रेकॉर्ड मागवावं. अर्जात दस्त क्रमांक, वर्ष आणि पुस्तक क्रमांक, तिन्ही लिहा.

नक्कल हाती आली की खिडकीवरच पानं मोजा. शेवटचं शेऱ्यांचं पान सुटलेलं नको: पक्षकारांनी निबंधकासमोर दस्त कबूल केल्याची नोंद तिथेच असते आणि कलम 60 मुळे ती पुराव्यात वाचता येते. जुन्या, हाताने उतरवलेल्या पुस्तकात सहीच्या जागी नुसतं ‘सही द. खुद्द’ (म्हणजे स्वतःच्या हाताची सही) असं लिहिलेलं असतं, खरी सही नसते. त्यावरून अक्षराची तपासणी होत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

कलम 57(5) प्रमाणे अशी नक्कल मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला ग्राह्य आहे. खरेदीखताच्या नकलेबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच मान्य केलं. पण मजकूर सिद्ध झाला म्हणजे दस्त कुणी करून दिला हे सिद्ध झालं असं नाही, आणि दावे अडकतात ते इथेच. हयात साक्षीदार तपासा. मूळ दस्त कुठे गेला, हे सरतपासाच्या (आपल्याच साक्षीदाराच्या मूळ साक्षीच्या) प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा. तो विरुद्ध पक्षाकडे असेल तर आधी हजर करण्याची नोटीस द्या. नक्कलेची झेरॉक्स लावू नका, हरकत येणारच.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 च्या कलम 16 चं गृहीतक (दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं कोर्टाने धरून चालणं) मिळवायचं असेल, तर दत्तक देणारा आणि घेणारा या दोघांच्याही सह्या दस्तावर हव्यात. एकट्या घेणाऱ्याची सही असलेल्या दस्तावर ते मिळत नाही. मिळालं तरी समोरचा ते खोडू शकतो. दत्तकानंतरही शाळेच्या दाखल्यावर जन्मदात्याचंच नाव राहिलं असेल, तर उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच येतो. त्यामुळे प्रत्यक्ष देण्याघेण्याचा विधी पाहिलेला माणूस साक्षीला तयार ठेवा.