आजारी मुलांच्या गमतीच्या गोष्टी : आठ महिने वाचल्यानंतर

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला ब्लड कॅन्सर झालाय. ए.एल.एल., लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. मुलुंडहून परळच्या हॉस्पिटलात फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा कुणीतरी सुचवलं, की आजारी मुलं नायक असलेल्या विनोदी गोष्टी तिला वाचून दाखव. आठ महिन्यांत अशी सहा पुस्तकं झाली. नावं देत नाही, कारण प्रत्येक मुलाला वेगळं रुचतं. पण आमच्याकडे काय चाललं आणि काय नाही, ते सांगते.

पहिल्या महिन्यात काहीच चाललं नाही. इंडक्शनचे, म्हणजे उपचाराच्या पहिल्या टप्प्याचे चार आठवडे, स्टेरॉइड चालू, त्याने भूक खवळलेली. रात्री तीनला उठून बटाटेवडा मागायची. बाहेरचं खाणं बंद, त्यामुळे मी तेव्हाच बटाटे उकडायला टाकायचे. त्या दिवसांत गोष्टी ऐकायची तिची मनःस्थितीच नव्हती. निदान झाल्या झाल्या पुस्तक पुढे करू नका, एवढं नक्की सांगेन.

मग घेतलं ते एका शूर मुलीचं. सुई टोचली तरी हसणारी, सगळ्यांना धीर देणारी. तिसऱ्या पानावर लेकीने विचारलं, "हिला दुखत नाही का?" आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्यात केमो घेतल्याच्या संध्याकाळीच मुलाचे केस गळतात. हिचे गळायला अडीच आठवडे लागले होते. "खोटंय हे," म्हणाली, आणि पुढच्या एकाही विनोदाला हसली नाही. माझी मोठी तक्रार हीच आहे. बऱ्याच लेखकांना केसांपलीकडचं ठाऊकच नसतं. विन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाने कधीकधी पायाचा पंजा उचलत नाही, चप्पल अडकते, मूल चालता चालता धडपडतं. आमची दोनदा जिन्यात पडली. सहापैकी एकाही पुस्तकात हे नाही.

चौथं पुस्तक मात्र आम्ही तीनदा वाचलं. त्यातला मुलगा स्टेरॉइडने सुजलेल्या स्वतःच्या गालांना नावं ठेवतो, आणि त्याचा मित्र पत्त्यांत पूर्वीसारखीच लबाडी करतो. आजारी आहे म्हणून मुद्दाम हरत नाही. लेक खदखदून हसली, "हा तर मीच!" स्वतःच्या गालांना 'उकडीचे मोदक' म्हणायला लागली. चार दिवसांनी मीही लाडाने मोदक म्हटलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते मी म्हणायचं, आई. तू नाही." हे पुस्तक मला खरं तेव्हा कळलं. त्यात एकही मोठा माणूस मुलाच्या आजारावर विनोद करत नाही. जो भोगतोय तोच करतो, फार तर तो लबाड मित्र.

तसा एक मित्र आमच्याही बिल्डिंगमध्ये आहे, खालच्या मजल्यावर. सुरुवातीला त्याची आई त्याला पाठवायची नाही. पुस्तकात बाई वर्गाला समजावतात, की हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, उलट आपल्या सर्दी-खोकल्यापासून त्यालाच जपायचं असतं. तेवढं पान त्याने घरी नेऊन आईला वाचून दाखवलं. तेव्हापासून हिचे काउंट पडलेले, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असल्या की तो मास्क लावून सेफ्टी डोअरबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतो. आम्ही दुसरी प्रत घेतली. जाळीच्या आत ही, बाहेर तो, दोघं आळीपाळीने आवाज काढत वाचतात. डॉक्टरचा आवाज तो नाकातून काढतो. दुसऱ्या प्रतीचे पैसे सगळ्यात सत्कारणी लागले.

आता भाषेचं. सहापैकी पाच पुस्तकं इंग्रजी, म्हणजे मी वाचता वाचता मराठी करायचे. त्यातल्या हॉस्पिटलच्या जेलीवर कुणी हसेना. तिथे मी वॉर्डातली बेचव खिचडी घातली, मग जमलं. मराठीत अशी पुस्तकं हवीत, आणि ज्यांनी वॉर्डात दिवस काढलेत त्यांच्याशी बोलून लिहिलेली हवीत. परळला गावोगावची कितीतरी मराठी मुलं येतात, त्यांच्या आयांनी दर वेळी भाषांतर कसं करायचं?

घेताना वजनही बघा. सलाईनच्या हाताने जाड पुठ्ठ्याचं पुस्तक धरवत नाही. पाठीतली, म्हणजे मणक्यातून औषध द्यायची सुई झाली की काही वेळ उताणं पडून राहावं लागतं, तेव्हा वाचणाऱ्यालाच ते वर धरावं लागतं. प्रकरण चार-पाच पानांचं असलं तर डे-केअरला नंबर येईपर्यंत संपतं. आणि मेथोट्रेक्सेट या औषधाने तोंड आलेलं असेल तर विनोदी भाग त्या दिवशी नकोच, हसताना ओठ फाटतात.

सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तक आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा. मी पाचव्याच्या बाबतीत ते केलं नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायिकेची वॉर्डातली मैत्रीण जाते. मी ओळ पुढे सरकून बघितली आणि गप्प झाले. लेकीला कळलं. "ती मेली ना?" मी हो म्हटलं. तुझ्या आजारात नीट उपचार घेतलेली बहुतेक मुलं बरी होतात, हेही सांगितलं, आणि ते खरंच आहे. पुस्तक तिने उशीखाली सारलं.

तीन महिने ते कपाटात होतं. गेल्या आठवड्यात, मेंटेनन्सच्या, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर, तिनेच काढलं आणि जाळीतून मित्राला दिलं. ते प्रकरण त्याने वाचलं, कुठलाही आवाज न काढता. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. संपल्यावर दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्याने विचारलं, "शेवटचं आत्ता वाचू की उद्या?"

"आत्ता," ती म्हणाली. "पण डॉक्टर आला तर नाकातूनच बोल."